श्रमतासांचा आलेख आणि वनाझच्या पुढची मेट्रो

पुणे मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ या एकाच वर्षात दोनदा मंजुरी दिली आणि दोन्ही वेळा कोथरूडचे नाव त्यात होते. २५ जून रोजी वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हे दोन विस्तार मंजूर झाले. एकूण लांबी १२.७५ किलोमीटर, स्थानके १३, खर्च ३,६२६ कोटी २४ लाख रुपये, मुदत चार वर्षे. २६ नोव्हेंबरला खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला ही मार्गिका आणि नळ स्टॉपपासून वारज्यामार्गे माणिकबागेकडे जाणारा तिचा फाटा मंजूर झाला. त्याची लांबी साडेएकतीस किलोमीटरहून अधिक, स्थानके २८, खर्च ९,८५७ कोटी ८५ लाख रुपये आणि मुदत पाच वर्षे. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या नशिबी पुन्हा एकदा पत्र्यांचे अडथळे, वळवलेली वाहतूक आणि रात्रीच्या क्रेन येणार, हे कोथरूडकरांनी गृहीत धरले आहे. किती किलोमीटर, किती कोटी आणि किती वर्षे हेही त्यांना ठाऊक झाले आहे. मात्र हे सारे किती माणसांच्या किती तासांच्या कामातून उभे राहणार, हा आकडा कोणत्याही बातमीत आलेला वाचकाला आठवणार नाही.

वास्तविक हा आकडा नसतो असे मुळीच नाही. आजकाल कोणतेही मोठे बांधकाम प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवाचून चालत नाही. महामेट्रोने तर नागपूर मेट्रोपासूनच ‘फाइव्ह-डी बिम’ या नावाने त्रिमितीय आराखडा, वेळापत्रक आणि खर्च यांना एकत्र गुंफणारी व्यवस्था स्वीकारली. वेळापत्रकासाठी अशा प्रकल्पांत ‘प्रिमावेरा’ वापरले जाते, लहान कंत्राटदार ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’वर भागवतात. या सॉफ्टवेअरमध्ये एक कळ दाबली की पडद्यावर उभ्या स्तंभांचा आलेख उमटतो. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर श्रमतास. कोणत्या आठवड्यात किती सुतार, किती सळई बांधणारे, किती वेल्डर आणि किती बिगारी लागणार, हे त्यात रंगांनी दाखवलेले असते. अभियंते त्याला ‘हिस्टोग्राम’ म्हणतात. प्रकल्पाच्या बैठकीत तो पानभर जागा व्यापतो आणि बहुधा दोन मिनिटांत उलटला जातो. आपल्या मते त्या पानावर थोडे थांबण्याची वेळ आली आहे.

हा आलेख तयार कसा होतो? मेट्रोचा एक खांब घ्या. जमिनीत पाइल घेणे, त्यांवर पाइल कॅप, मग खांब, खांबावरची टोपी, आणि कारखान्यासारख्या आवारात आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे भाग रात्री आणून वर चढवणे, अशी कामांची साखळी असते. प्रत्येक कामाला कालावधी आणि माणसे नेमून दिली जातात. समजा, एका पाइल कॅपच्या सळया बांधायला दहा माणसे सहा दिवस लागतील असा अंदाज असेल, तर दिवसाचे आठ तास धरून सॉफ्टवेअर त्या कामापुढे ४८० तास मांडते. हे तास ते सहा दिवसांवर समान पसरते, किंवा सांगितल्यास आरंभी कमी, मध्ये जास्त असे वाटून देते. शेकडो कामांचे असे तास आठवड्याआठवड्याने बेरजेत पडले की स्तंभ उभे राहतात. अंदाजासाठी आधार असतो तो केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणासारख्या कोष्टकांचा, नाहीतर कंत्राटदाराच्या मागील अनुभवाचा. म्हणजे आलेखातील प्रत्येक स्तंभ हा नेमून दिलेल्या तासांचा आहे, केलेल्या तासांचा नव्हे. ही साधी गोष्ट आहे, पण रंगीत पानासमोर बसलेले भलेभले ती विसरतात.

त्यातच आणखी एक किमया असते. कच्चा आलेख डोंगरदऱ्यांसारखा वरखाली असतो. या आठवड्यात तीनशे माणसे आणि पुढच्यात नव्वद, असे प्रत्यक्षात कोणी ठेवू शकत नाही. तेव्हा ज्या कामांना पुढेमागे सरकण्याची सवड आहे ती सरकवून सॉफ्टवेअर शिखरे कापते, दऱ्या भरते. याला सपाटीकरण म्हणतात. ते आवश्यकच आहे. तथापि सवड संपली की सपाटीकरण फक्त कागदावर उरते. उद्घाटनाची तारीख हलवता येत नसेल, तर माणसे वाढवावी लागतात किंवा तास. माणसे वाढवणे महाग पडते आणि दरवेळी ती मिळतातच असे नाही. तास वाढवले तरी आलेखात काहीच दिसत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी दिवस आठ तासांचाच राहतो.

या आठ तासांचा उगमही पाहण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कोणी बदल केला नाही तर दिनदर्शिका सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते बारा आणि दुपारी एक ते पाच अशी धरलेली असते. अमेरिकेतील कचेरीचा हा दिवस पौड रस्त्यावरील खांबाला लागू करणे हास्यास्पद आहे. येथे जूनपासून पाऊस, पुढे गणपती आणि विसर्जन मिरवणुकीचे रस्ते बंद, दिवाळीपाठोपाठ छठ आणि फाल्गुनात होळी. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडातून आलेला मजूर छठ किंवा होळीला गावी जातो. मराठवाड्यातून आलेला पेरणीच्या वेळी रानाकडे धावतो. जाणता नियोजक हे सारे दिनदर्शिकेत भरतो. (पिंपरी-चिंचवड, भोसरीकडील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी गुरुवारी असते. तेथून सुटे भाग यायचे असतील तर तेही सॉफ्टवेअरला सांगावे लागते.) ज्याने हे भरलेले नाही, त्याचा आलेख दिवाळीच्या आठवड्यातही छातीठोकपणे पूर्ण उंचीचा स्तंभ दाखवतो. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी आणि रेल्वेने गावी निघून गेले, तेव्हा देशभरच्या बांधकामांवर हेच घडले. वेळापत्रकात माणसे होती आणि जागेवर नव्हती.

आता थोडे गणित करू. हे उदाहरण काल्पनिक आहे, कोणत्याही विशिष्ट कामाचे नव्हे. एका आठवड्यासाठी आलेखात ९,६०० श्रमतास नेमलेले आहेत. दोनशे माणसे, प्रत्येकी ४८ तास, हिशेब बरोबर. प्रत्यक्षात फाटकावरची नोंद सांगते की दीडशेच माणसे आली. तरीही आठवड्याअखेर नियोजित काम पुरे झाले आणि प्रगतीचा आकडा हिरवा राहिला. बैठकीत सर्वांना समाधान वाटेल. पण ९,६०० ला १५० ने भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४ तास येतात. सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोज दहा तास चाळीस मिनिटे. ४८ च्या वरचे हे सोळा तास तेरा आठवडे चालू राहिले, तर तिमाहीत २०८ तासांचा जादा कामाचा डोंगर उभा राहतो. अर्थात माणसांनी झपाट्याने काम केले किंवा मूळ अंदाजच सैल होता, असेही होऊ शकते. पण या तीन शक्यतांपैकी कोणती खरी, हे नियोजित तासांचा एकटा आलेख कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारी प्रत्यक्ष तासांचा दुसरा स्तंभ हवा.

प्रत्यक्ष तास शोधायला गेले की वाट मुकादमाच्या वहीपाशी येते. मोठा कंत्राटदार उपकंत्राटदाराला काम देतो, तो मजूर-ठेकेदाराला, आणि तेथून पुढे टोळीचा मुकादम. त्याच्या वहीत तास नसतात, हजेरी असते. आठ तासांची एक हजेरी. संध्याकाळनंतर थांबून बारा तास भरले की दीड हजेरी, रात्रभर ओतकाम चालले तर डबल हजेरी. बांधकामावर ही भाषा इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. कायदा मात्र जादा तासाला दुप्पट मजुरी सांगतो. आठ तासांची एक हजेरी आणि वरच्या चार तासांचे दुप्पट दराने आठ तास, म्हणजे बारा तासांच्या दिवसाची कायदेशीर किंमत दोन हजेऱ्या होते. मजुराच्या हाती पडते दीड. उरलेल्या अर्ध्या हजेरीचा पत्ता सॉफ्टवेअरच्या कोणत्याही स्तंभात लागत नाही, कारण ठेकेदाराला पैसे मिळतात ते काँक्रीटच्या घनमीटरवर आणि लोखंडाच्या टनावर. तास मोजण्यात कोणाचाच स्वार्थ गुंतलेला नसतो. अपवाद एका फलकाचा. मोठ्या कामांच्या फाटकावर ‘अपघातविरहित श्रमतास’ असा लाखांतला आकडा अभिमानाने लावलेला असतो. तो पुष्कळदा हजेरीपटावरील माणसांना ठरावीक तासांनी गुणून काढलेला असतो. जे तास कोणी मोजलेच नाहीत त्या तासांत अपघात झाला नाही, असे त्या फलकाचे म्हणणे असते.

ज्याच्या नावाने या साऱ्या तक्त्यांची ओळख जगभर पसरली, त्या हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याला हा प्रकार मान्य झाला नसता. कामाची आखणी पट्ट्यांनी दाखवण्याची कल्पना पोलंडचा अभियंता कारोल अदामिएत्स्की याने त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास मांडली होती, तो भाग वेगळा. गँटचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ साली त्याच्या तक्त्यांवर पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे दिवसाचा रकाना असे. त्या दिवशी किती काम अपेक्षित होते आणि किती झाले, हे रेषांच्या लांबीने दाखवलेले असे, आणि कमी पडले तर कारणाचे एक अक्षर. गैरहजर, नवशिका, साहित्य नाही, यंत्र बिघडले, हत्यार नाही, अशी ती कारणे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कागदी तक्त्यात योजना, वास्तव आणि त्यांच्यातील अंतराचे कारण या तिन्ही गोष्टी होत्या. मधल्या काळात तक्ता संगणकावर गेला, देखणा झाला आणि बैठकीपुरता फक्त योजनेचा उरला. प्रत्यक्ष तास भरण्याची सोय आजच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. तो रकाना रिकामा ठेवण्याचा निर्णय माणसांचा असतो.

महाराष्ट्राला तरी तासांच्या मोजणीचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नसावी. पुण्यात सुरू झालेले ‘दीनबंधु’ पुढे मुंबईतून चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५४ तासांचा आठवडा ४८ तासांवर आला. आज सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी सहज टंकलेला ‘४८’ हा आकडा त्या लढ्यांतून आलेला आहे.

आणि नेमका हाच आकडा सध्या पुन्हा हलू लागला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर, आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तिमाहीतील जादा कामाची कमाल मर्यादा कारखान्यांसाठी ११५ वरून आणि आस्थापनांसाठी १२५ वरून १४४ तास करण्याचे ठरले. जादा कामासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट मोबदला या अटी सोबत आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले, नोंदवह्या संगणकावर ठेवण्याची मुभा मिळाली आणि जुन्या निरीक्षकाच्या जागी ‘निरीक्षक-तथा-सुलभक’ आला. या बदलांचे समर्थन करणारे म्हणतात की वाढीव तास आधीही होतच होते, आता ते उघड आणि मोबदल्यासह होतील. युक्तिवाद टाकाऊ नाही. पण मर्यादा १४४ असो वा ११५, तास नोंदलेच गेले नाहीत तर ती ओलांडली हे कळणार कोणाला? आपल्या काल्पनिक उदाहरणातील २०८ तास दोन्ही मर्यादांच्या बाहेर होते आणि प्रगतीचा आकडा तरीही हिरवा होता.

हा प्रश्न केवळ मेट्रोचा नाही. आज कोथरूडमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. अशाच एका सोसायटीच्या सभेला प्रस्तुत लेखक गेला होता. विकसकाच्या सल्लागाराने भिंतीवर वेळापत्रक दाखवले आणि छत्तीस महिन्यांचा शब्द दिला. श्रोत्यांत निवृत्त अभियंते बरेच होते, कोथरूडमध्ये ते असतातच. त्यांपैकी एका काकांनी श्रमतासांचा आलेख दाखवण्याची विनंती केली. सल्लागाराने खळखळ न करता तो दाखवला. पहिल्या वर्षभर स्तंभ बुटके, आणि शेवटच्या पाच महिन्यांत एकदम दुपटीहून उंच. “एवढी माणसे तेव्हा कुठून आणणार?” या प्रश्नावर उत्तर आले, “काका, तेव्हा दोन पाळ्यांत काम करू.” सभेत हशा पिकला आणि चर्चा वाहनतळाकडे वळली. महारेरामुळे विकसकाला दर तिमाहीला प्रगतीचा तपशील जाहीर करावा लागतो आणि ग्राहकाला त्याचा मोठा आधार झाला, हे निर्विवाद. परंतु स्लॅब किती टक्के झाला हे त्यातून कळते, तो किती जणांनी किती तासांत घातला हे कळत नाही. शेवटच्या पाच महिन्यांतील त्या उंच स्तंभांत घराचा ताबा लांबण्याची शक्यता असते आणि थकलेल्या माणसांनी केलेल्या प्लंबिंगची व वॉटरप्रूफिंगचीही. निदान स्वार्थासाठी तरी सभासदांनी तो आलेख पुन्हा मागवायला हवा.

ज्यांची मुले आणि सुना रोज हिंजवडीला जातात त्या घरांनाही हे चित्र परके नाही. संगणक कंपन्यांत टाइमशीट भरली जाते आणि तिच्यात रोज आठ तासच भरायचे, असा अलिखित संकेत अनेक ठिकाणी असतो. वरचे तास भरले तर ग्राहकाचे बजेट ओलांडते आणि व्यवस्थापकाला जाब द्यावा लागतो. मग आलेख आठाच्या रेषेवर इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो आणि त्याच्याच आधारे पुढील प्रकल्पाचा अंदाज बांधला जातो. २०२४ मध्ये पुण्यातील एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर कार्यालयीन कामाच्या ताणावर देशभर चर्चा झाली. तेव्हाही वाद याच मुद्द्याशी अडला होता, की खरे तास किती होते आणि ते कोठे नोंदलेले होते.

वनाझच्या पुढच्या मार्गासाठी मग मागावे तरी काय? चांदणी चौकापर्यंतचा हा तुकडा अवघा १.१२ किलोमीटरचा आहे, स्थानके दोन. प्रयोगासाठी याहून सोयीचे काम मिळणे कठीण. कंत्राटाच्या मासिक अहवालात तीन रेषा असाव्यात. पहिली नेमलेल्या तासांची, दुसरी फाटकावरील बायोमेट्रिक नोंदीतून आलेल्या प्रत्यक्ष तासांची, आणि तिसरी त्यांतील जादा तासांची. हजेरी तासांत लिहावी, दीड किंवा डबलमध्ये नव्हे. उपकंत्राटदारांची माणसे त्यात धरावीत, कारण खरे काम तीच करतात. दरमहा हे पान संकेतस्थळावर टाकावे. कंत्राटदार म्हणतील की यातून त्यांच्या दरांचे गुपित फुटेल. कामनिहाय तपशील न देता एकूण तास दिले तर ती भीती उरत नाही. बायोमेट्रिक यंत्रे बंद पडतात, आकडे फिरवता येतात, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पण फिरवलेल्या आकड्यांनाही काँक्रीटच्या परिमाणाशी जुळावे लागते. महिनाभरात ओतलेले घनमीटर आणि दाखवलेले तास यांचे प्रमाण अचानक निम्म्यावर आले, तर तपासणाऱ्याला कोठे बोट ठेवायचे ते कळते. शिवाय बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवताना त्याची दमछाक होते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर याच मंडळासाठी जमा होतो. फाटकावरची तीच नोंद त्याचा दाखला होऊ शकेल.

या वसाहतीने याआधी पौड रस्त्यावर असेच काम पाहिले आहे. २४ डिसेंबर २०१६ रोजी पुणे मेट्रोचे भूमिपूजन झाले आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा पाच किलोमीटरचा, पाच स्थानकांचा पट्टा सुरू झाला. जुन्या कचरा डेपोच्या जागी मेट्रोच्या गाड्यांचा डेपो झाला. त्या सव्वापाच वर्षांत रात्री दीड-दोन वाजता खिडकीतून वेल्डिंगच्या ठिणग्या दिसत आणि सकाळी फिरायला निघालेल्यांना तीच माणसे पत्र्याच्या आडोशाला चहा घेताना भेटत. त्यांची पाळी संपली होती की दुसरी सुरू व्हायची होती, हे कोणी विचारले नाही. चांदणी चौकाकडे पहिला पाइल जाईल तेव्हा त्या कामाच्या वेळापत्रकातील सुट्टीचा वार कोणता धरला आहे, एवढ्या प्रश्नापासून महामेट्रोला आणि स्थानिक लोकप्रतिनिधींना विचारणा सुरू करता येईल.